नानायला दाखव

बुगासोंग, आंतिके, फिलिपिन्स
१० ऑगस्ट

प्रिय डोरिंग,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. लिहायचं कारण एवढंच, की मी स्मार्टफोन बंद केला. आता माझ्याकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यावर बोलता येतं, छोटे निरोप पाठवता येतात, बाकी काही नाही. नंबर जुनाच आहे.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "आजीसाठी घेताय का, मॅडम?" मी हो म्हणून टाकलं. शाळेत मात्र लपवता आलं नाही. सगळ्या सूचना शिक्षकांच्या ग्रुपवर येतात. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "निएवेस मॅडम, तुम्हाला निरोप कबुतराबरोबर पाठवू का?" आता शेजारच्या वर्गावरची मॅडम मला सूचना कागदावर लिहून देते. एक-दोन सूचना चुकल्या, पण काही बिघडलं नाही.

डोळ्यांना आराम आहे. संध्याकाळी वह्या तपासून होतात. ताताय गेल्यापासून तो फोन दिवसभर वाजत होता. कोणाचं सांत्वन, कोणाची मेणबत्ती, कोणाचं आणखी काही. बाप जाऊन किती महिने झाले तरी फोनमध्ये तो रोज नव्याने जात होता. मला ते पुरे झालं.

नानायची तब्येत बरी आहे. जेवते. मी शाळेत असते तेव्हा आईला एकटं वाटू नये म्हणून शेजारची पासिंग येऊन बसते, तसंच चालू आहे. तू आता तिला रोज फोनमध्ये बघू शकणार नाहीस हे मला कळतं. रविवारी या फोनवर फोन कर. मी तिच्या हातात देईन. बाकीचं मी पत्रातून लिहीत जाईन.

काळजी घे. थोरल्या बहिणीचं एवढं ऐक, थंडी सुरू व्हायच्या आत गुडघ्याला पट्टा घे.

तुझी मनांग,
निएवेस

⁂

मिलान
१ सप्टेंबर

मनांग,

तुझं पत्र पोचायला तीन आठवडे लागले. तीन आठवड्यांत माणूस मरून पुरलाही जातो.

व्हिडिओ लागेना म्हणून पत्राआधीच मी चारही रविवारी जुन्या नंबरवर साधा फोन केला. तू म्हणतेस, "हं, दिला नानायच्या हातात," आणि पुढे काय? नुसता श्वास ऐकू येतो. मी "नानाय, नानाय" करून ओरडते, इकडे मी सांभाळते ती म्हातारी सिन्योरा बिछान्यातून विचारते, कोण मेलं? मग लांबून नानायचा आवाज येतो, "यात कोणी नाही गं." आणि फोन खाली. त्या दोन इंचांच्या काचेत ती माझं तोंड शोधते, मनांग. बारा वर्षं ती मला अशीच भेटत आलीय. फोन कानाला लावायचा असतो हे ती विसरली असेल, तर लावून का देत नाहीस?

बरं, तुझे डोळे दुखतात म्हणून मी होवेनला सांगितलं, तुझ्या फोनवरून पाच मिनिटं नानायला दाखव. आपलाच चुलतभाऊ, चार घरं सोडून राहतो. तो म्हणतो, तू त्याला फाटकातून आत घेतलं नाहीस! "मनांग म्हणाली, फोन बाहेर ठेव, मग ये." फोन बाहेर ठेवून तो मला काय दाखवणार, स्वतःचं डोकं?

आता मी जे विचारते त्याचं सरळ उत्तर दे. गेल्या वर्षी ताताय आजारी असताना तू मला रोज त्यांचा चेहरा दाखवायचीस. नुसता चेहरा. खाली पोट फुगलं होतं, नळी लावली होती, ते फोनच्या चौकटीबाहेर ठेवायचीस. रोज तुझं तेच वाक्य, "बरे आहेत, जेवतात." आणि मला कळलं तेव्हा तिकीट काढून उपयोग नव्हता. तेव्हा तू फोनच्या आड लपवलंस. आता फोनच नाही. म्हणजे काय लपवतेयस?

"नानायची तब्येत बरी आहे. जेवते." शब्द तरी बदलायचे होतेस.

नोव्हेंबरात वर्षश्राद्ध आहे. तोपर्यंत नानाय मला दिसली नाही तर मी येते. मग कागदांचं जे व्हायचं ते होवो.

डोरिंग

⁂

बुगासोंग
२४ सप्टेंबर

प्रिय डोरिंग,

रागावली आहेस. रागावण्याचा हक्क आहे. पण येण्याची भाषा करू नकोस. तिथे राहायच्या परवान्याचा तुझा अर्ज आत्ता कुठे पुढे सरकलाय. बोटांचे ठसे द्यायला तुला नोव्हेंबरात बोलावलंय हे तूच सांगितलं होतंस. आता देशाबाहेर पडलीस तर अर्ज बुडेल आणि परत आत घेणार नाहीत. बारा वर्षं लपूनछपून काम केलंस ते या एका कागदासाठी.

नानायला मी फोन कानाला लावून देते. ती हात झटकते आणि पुन्हा डोळ्यांसमोर धरते. जबरदस्ती केली तर चिडते. मी आणखी प्रयत्न करीन.

तातायच्या आजाराबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. तुला कळवू नको असं त्यांनीच सांगितलं होतं, पण ते कारण पुरेसं नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी फोन धरणार नाही, हे मात्र आत्ताच सांगते. गेल्या वेळी तातायची शवपेटी घरात होती ते नऊच्या नऊ दिवस तू माझ्या हातात होतीस. प्रार्थनेच्या वेळी, लोक भेटायला यायचे तेव्हा, शवपेटीच्या काचेपाशी. दफनाच्या वेळी तू म्हणालीस, "थोडा खाली धर, चेहरा दिसत नाही." मी खाली धरला. तू म्हणालीस, "काचेवर उजेड येतोय." मी बाजू बदलली. मग रेंज गेली म्हणून मी हात वर करून उभी राहिले. रेंज आली तेव्हा माणसं माती ढकलत होती. सगळ्यांनी फुलं टाकली होती. माझं फूल रात्री कपडे भिजवताना परकराच्या खिशात सापडलं. तुझा यात दोष नाही. तू तिथून आणखी काय करू शकत होतीस? पण यंदा मला हात मोकळे हवेत.

नानाय शांत आहे. अंगणात बसते, पासिंगशी भांडते, माशाचे काटे स्वतः काढते. तुझं नाव काढून रडत वगैरे नाही, तेव्हा तू जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी मनांग

⁂

मिलान
१२ ऑक्टोबर

मनांग,

"तुझं नाव काढून रडत नाही." हे वाक्य तू मला धीर द्यायला लिहिलंस? मी ते ट्राममध्ये वाचलं आणि दोन थांबे पुढे गेले.

पत्र परत परत वाचलं. होवेनला का हाकललंस ते त्यात कुठेच नाही. दफनाबद्दल लिहिलंस, फुलाबद्दल लिहिलंस, मला रडवलंस. पण विचारलं होतं त्याचं उत्तर नाही. तू शाळेत मुलांना असं सोडतेस का? प्रश्न एक, उत्तर भलतंच, अक्षर सुंदर.

मनांग, ती अंथरुणाला खिळलीय का? तिचं तोंड वाकडं झालंय का? की ती गेलीच आहे, आणि माझा कागद होईपर्यंत तू थांबलीयस? इथे एका बाईच्या घरच्यांनी तसं केलं. पाच महिने "आई झोपलीय, आई झोपलीय". ती पाच महिने मेलेल्या आईसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्या पाठवत होती. फोनवर मला जो श्वास आणि लांबचा आवाज ऐकू येतो तो पासिंगचा नाही कशावरून?

ताताय गेले तेव्हा मी इथे काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. मयताहून सरळ घरी यायचं नाही, नाहीतर गेलेला माणूस मागोमाग येतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. फोनवरून बघितलं तरी मयत ते मयतच. म्हणून रोज तुझा कॉल संपला की मी कोट चढवून खाली जायची. कोपऱ्यावरच्या दुकानात एक कॉफी घेऊन बसायची. मग वर. सिन्योराच्या मुलीने विचारलं, रोज कुठे जातेस? मी म्हटलं, बापाला चुकवायला. तिला वाटलं, माझी भाषा अजून कच्ची आहे.

आता माझ्याकडे चुकवायलासुद्धा काही नाही.

तिकीट काढलंय. १६ नोव्हेंबरचं. ठसे २० तारखेला आहेत. ते राहिले तर राहिले. सिन्योराच्या मुलीला अजून सांगितलेलं नाही. सांगेन त्या दिवशी नोकरीही जाईल. हे सगळं मी तुझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवता आला असता तर केलं नसतं.

डोरिंग

⁂

बुगासोंग
३० ऑक्टोबर

डोरिंग,

हे पत्र सुट्टीवर गावी आलेल्या पेर्लाच्या हाती देते आहे. ती परवा मिलानला परत जातेय. टपालाने उशीर झाला असता. तिला मी आज घरी जेवायला बोलावलं होतं. ती नानायशेजारी बसून जेवली. नानायने तिला विचारलं, "तुझं लग्न झालं की अजून तशीच?" पेर्ला काय बघून आली ते तिच्याच तोंडून ऐक. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तिच्यावर ठेव.

नानाय जिवंत आहे. चालते. तोंड सरळ आहे. पण तिची आठवण जाते आहे. ताताय जायच्या आधीपासून थोडं होतं, नंतर वाढलं. हे मी तुला सांगितलं नाही.

आता होवेनचं सांगते. दफनाचं सगळं चित्रीकरण तू मागितलं होतंस. होवेनने ते करून तुला पाठवलं आणि माझ्याही फोनमध्ये टाकलं. मी शाळेत असताना पासिंग फोन नानायच्या हाती द्यायची आणि कपडे धुवायला जायची. तू दुपारी फोन करायचीस म्हणून. वाट बघताना नानाय काचेवर बोट फिरवायची. तो फोन आपणहून जुने फोटो जोडून, गाणं लावून दाखवायचा. एक दिवस त्याने शवपेटी दाखवली. वर नाचायचं गाणं.

तिने पासिंगला विचारलं, "कोण गेलं?"

पासिंग म्हणाली, "नानाय, असं काय करता? तुमचेच मालक नाही का ते!"

ती किंचाळली. संध्याकाळपर्यंत विसरली. मला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा बोट फिरवलं. डोरिंग, हे किती दिवस चाललं मला माहीत नाही. पासिंगला वाटलं, म्हातारीचं दुःख आहे, रडू द्यावं.

जुलैत शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारी घरी आले. नानाय काळं फडकं डोक्यावर घेऊन दारात बसली होती. तिने मला विचारलं, "गाडी कधी येणार? मला सोडून त्यांना नेलं तर नाही ना?" मांडीवर फोन चालू होता. त्यात मी दिसत नव्हते. फक्त माझा आवाज येत होता, "दिसतंय का गं आता?"

मी ते पुसून टाकलं. पण नातेवाइकांनी ते एकमेकांना पाठवलं होतं, ते परत परत येत राहिलं. मग ती कोणाच्याही हातातला फोन ओढून घ्यायला लागली. होवेनचा घेतला तेव्हा त्यात ते होतंच. म्हणून त्याला फोन बाहेर ठेवायला सांगितलं. म्हणून मी साधा फोन घेतला. डोळे दुखतात हे खरं आहे, पण ते कारण नव्हतं.

तुला सांगितलं नाही, कारण ते चित्रीकरण तू मागितलं होतंस. तू स्वतःला बोल लावला असतास. दुसरं कारण मला लिहायला जड जातं. तू म्हणाली असतीस, ते पूस आणि फोन कपाटात ठेव, माझ्या कॉलपुरता काढ. तसं करता आलं असतं. मला ते करायचं नव्हतं. मला तो पुन्हा हातात धरायचा नव्हता. तुझ्या वाटणीची नानाय मी माझ्या सुटकेसाठी बंद केली, यातलं तेवढं खरं आहे.

आता तिकिटाचं तू ठरव. यावेळी मी ये म्हणत नाही, येऊ नकोही म्हणत नाही.

निएवेस

⁂

मिलान
८ नोव्हेंबर

मनांग,

तुझ्या त्या बटणांच्या फोनवर कालच निरोप पाठवलाय, पण लिहूनही देते. येत नाही. तिकीट परत केलं. ठसे द्यायला जाणार.

पेर्ला स्टेशनवर भेटली. मी तिला उभ्याउभ्याच विचारलं, "नानाय आहे?" ती म्हणाली, "आहे म्हणजे! मला बारीक झालीस म्हणाली, भात वाढला, आणि लग्नावरून बोलली. मेलेली माणसं एवढा त्रास देत नाहीत." मी तिथेच बाकावर बसून राहिले.

मग तुझं पत्र वाचलं. नंतर माझ्या फोनमधलं ते चित्रीकरण काढलं. मी ते अजून एकदाही पूर्ण बघितलेलं नाही, मनांग. मागून घेतलं आणि ठेवून दिलं. ते नानाय रोज बघत होती.

स्वतःला बोल लावायचा तो मी लावीन, तो माझा मी बघेन. पण तू माझ्यासाठी ठरवत जाऊ नकोस, मला किती सोसेल ते. लहानपणी मासळीबाजारातून येताना जड टोपली तूच घ्यायचीस आणि मग सगळ्यांना सांगायचीस, डोरिंगने काही उचललं नाही. तसंच आहे हे.

फोनबद्दल आत्ता काही म्हणत नाही. मला अजून राग आहे. वर्षश्राद्धाला हात मोकळे ठेव. पण झाल्यावर सगळं लिही. गोड करून नको.

डोरिंग

⁂

बुगासोंग
२२ नोव्हेंबर

प्रिय डोरिंग,

तू सांगितलंस तसं लिहिते.

सकाळी प्रार्थना झाली. वर्षभर छातीवर लावलेली सुतकाची काळी पट्टी मी काढली. नानायला लाल पातादयोंग लुंगीसारखं गुंडाळून नेसवलं, वर पिवळा ब्लाउज. ती म्हणाली, "एवढं नटून कुठे जायचंय?" स्मशानात फुलं ठेवली. यंदा माझं फूल मी माझ्या हाताने ठेवलं. होवेनचा हात दोनदा खिशाकडे गेला आणि परत आला.

घरी पंगत बसली. डुक्कर भाजलं होतं, पान्सितच्या शेवया होत्या, पासिंगने पानात गुंडाळलेले चिकट भाताचे इबोस केले होते. ते थोडे कच्चे राहिले, पण सगळ्यांनी खाल्ले. नानायने ताटाला हात लावला नाही. सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि विचारलं, "डोरिंग कुठाय?"

पासिंग पटकन म्हणाली, "स्वयंपाकघरात आहे, नानाय. तुम्ही जेवा."

नानाय उठली. स्वयंपाकघरात जाऊन आली. म्हणाली, "नाहीये."

होवेन म्हणाला, "मागे असेल हो, डुकराची आतडी धुतेय. येईल." दोघं-तिघं हसले. ती मागच्या दाराकडे निघाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला जाऊ दिलं असतं, तर अंगणात एक चक्कर मारेपर्यंत ती विसरली असती.

मी उठून तिचा हात धरला. म्हटलं, "नानाय, डोरिंग इथे नाही. ती इटलीत आहे."

"कधी गेली?"

"बारा वर्षं झाली."

ती म्हणाली, "खोटं बोलतेस. रोज तर भेटायची मला." मग, "मला कोणी सांगितलं नाही."

ती तिथेच दारात बसली आणि रडली. तातायसाठी नाही, डोरिंग. त्यांचं नाव दिवसभरात एकदाच निघालं. ती तुझ्यासाठी रडली. लोक जेवून उठले तरी रडत होती. जाताना होवेन माझ्या कानात म्हणाला, "मनांग, एवढं खरं बोलायची काय गरज होती?"

इतकी वर्षं ती तुझ्यासाठी रडली नाही, कारण तिच्या लेखी तू गेलीच नव्हतीस. मी फोन बंद केला तेव्हा तू गेलीस.

हे तुला न कळवता राहता आलं असतं. पत्र "सगळं नीट पार पडलं" इथे संपवता आलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. हे वाचून तू निघून यायला बघशील, हेही मला माहीत आहे. तरी लिहिलं. पुढच्या वेळी तिने विचारलं तर काय सांगायचं, ते तू सांग. माझं मी ठरवणार नाही.

तुझी मनांग,
निएवेस

⁂

मिलान
१५ डिसेंबर

मनांग,

ठसे दिले. दहाही बोटांचे. भांडी घासून बोटं झिजलीत, तर यंत्र घेईना. बाई म्हणाली, पुन्हा दाबा. तिसऱ्यांदा घेतले. कागद वसंतात मिळेल म्हणतात. मिळाला की त्याच आठवड्यात येते. मिळाला नाही तरी वसंतापर्यंतच थांबणार, त्यापुढे नाही. हे कोणाला विचारून ठरवलेलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला निघावंसं वाटलं. बॅग पलंगावर काढलीसुद्धा. मग आतून सिन्योराने हाक मारली. ती रोज विचारते तेच विचारत होती, नवरा कुठे आहे? तो जाऊन वीस वर्षं होत आली. मी रोज सांगते, पाव आणायला गेलाय. ती म्हणते, "मग कॉफी ठेव, येईलच," आणि खूश होते. तिच्या मुलीने पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं. मला पगार आहे तो बहुतेक याचाच. कोणाला त्रास नाही, घर शांत राहतं, आणि त्या बिचाऱ्या माणसासाठी या घरात कोणी रडत नाही.

त्या दिवशीही मी तेच सांगितलं आणि कॉफी ठेवली. मग बॅग परत वर ठेवली आणि हे लिहायला बसले.

नानायने विचारलं की खरं सांग. दर वेळी सांग. ती रडेल, तिला रडू दे, तू जवळ बस. विसरली आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा सांग, डोरिंग लांब आहे, वसंतात येणार आहे. तुला कंटाळा येईल, जीव जाईल, तरी सांग. होवेनलाही सांग. आणि पासिंगला बजाव, मी स्वयंपाकघरात नाही.

तुझी,
डोरिंग